बुरशीची विषं आणि मेंदूतली विकरं : पावसाळ्यात नेमकं भ्यायचं कशाला?

बांदावरून (धागाकर्ता)

मिरग लागला की एक निरोप या फोनवरून त्या फोनवर फिरायला लागतो. भिंतीवरची काळी बुरशी मेंदूतली एन्झाइम बंद पाडते, विसरायला होतं, हात थरथरतात, तेव्हा सोबतचं चूर्ण मागवा. निरोप अर्धा खरा आहे म्हणून दरवर्षी परत येतो. बुरशीची काही विषं मेंदूतली एन्झाइम, म्हणजे विकरं, खरोखर बंद पाडतात. कुठलं विष कुठल्या विकराला धरतं हेही बऱ्याच बाबतींत पक्कं ठाऊक आहे. पण ही विषं भिंतीवरून येत नाहीत, ताटातून आणि पेल्यातून येतात. निरोपातली चूक इथे आहे.

सुरुवात सगळ्यांत स्पष्ट उदाहरणापासून करतो. 3-नायट्रोप्रोपिओनिक आम्ल, पुढे नुसतं ३-एनपी म्हणू. आर्थ्रिनियम वंशाच्या काही बुरश्या ते तयार करतात. पेशीतल्या तंतुकणिकांमध्ये, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात, सक्सिनेट डीहायड्रोजनेज नावाचं विकर असतं. सक्सिनेटमधून दोन हायड्रोजन काढून त्याचं फ्युमरेट करायचं, एवढंच त्याचं काम. ३-एनपीचा रेणू आकाराने आणि विद्युतभाराने सक्सिनेटसारखाच दिसतो. विकर त्याला आपलं गिऱ्हाईक समजून आत घेतं, काम सुरू करतं, आणि त्या कामातूनच तयार झालेला तुकडा विकराच्या गाभ्यातल्या आर्जिनीनला कायमचा चिकटतो. ते विकर गेलं. नवीन तयार होईपर्यंत तंतुकणिकेचं ऊर्जेचं काम तिथे अडतं.

मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्के, पण प्राणवायू खातो जवळपास २० टक्के. त्यामुळे ऊर्जा अडली की पहिला फटका त्यालाच. त्यातही मेंदूच्या तळाशी असलेली गाठींची जोडी, कॉडेट आणि प्युटामेन, आधी मरते. हातपायांच्या हालचालींवर लगाम ठेवणारा हा भाग. तिथल्या पेशींवर ग्लुटामेटचा, म्हणजे चेतापेशींना चेतवणाऱ्या रसायनाचा, मारा सतत चालू असतो. ऊर्जा असेपर्यंत पेशी तो परतवतात, ऊर्जा संपली की नेहमीचाच मारा जिवावर येतो. हंटिंग्टन रोगाचा (हातपाय आपोआप हलत राहणारा आनुवंशिक मेंदूरोग) नमुना उंदरांत उभा करायला प्रयोगशाळेत हेच ३-एनपी टोचतात.

उत्तर चीनमध्ये हिवाळाभर साठवलेला बुरसटलेला ऊस खाऊन १९७२ ते १९८९ या काळात ८००हून जास्त लोकांना बाधा झाली, त्यांत मुलं बरीच. काही दगावली. काही वाचली, पण शुद्धीवर आल्यानंतर ११ ते ६० दिवसांनी हातपाय पिळवटायला लागले आणि ते कायमचे.

ऊस आपल्याकडे घाटावरून येतो. नारळ मात्र दारातला. म्हणून पुढची नोंद कोकणातल्या प्रत्येकाने वाचावी. डेन्मार्कमध्ये एका ६९ वर्षांच्या माणसाने सोललेल्या शहाळ्यातलं थोडंसं पाणी नळीने प्यायलं. चव इतकी घाण लागली की लगेच थांबला. शहाळं फोडलं तर आतून बुळबुळीत, सडलेलं. साडेचार तासांनी घाम, मळमळ, उलट्या सुरू झाल्या, मग गोंधळल्यासारखं वागणं, तोल जाणं. २६ तासांनी मृत्यू. शहाळ्यात आर्थ्रिनियम सॅकॅरिकोला ही बुरशी आणि ३-एनपी सापडलं. २०२१ साली हे वैद्यकीय नियतकालिकात आलं. शहाळं थंडीत ठेवायचं असताना महिनाभर स्वयंपाकघरातल्या टेबलावर होतं.

---

संकासूर

एक घोट पाण्याने माणूस जातो? मग आपल्या किनाऱ्यावर रोज शेकडो शहाळी पितात, त्यांचं काय?

---

बांदावरून

अहो, तोच तर फरक. आपल्या गाडीवरचं शहाळं पाडपाला चार दिवसही झालेले नसतात. त्याचं सोडण, म्हणजे वरचं जाड साल, शाबूत असतं आणि कोयत्याने तुमच्या समोर फुटतं. आतलं पाणी तोवर निर्जंतुक असतं. ते शहाळं सोडण तासून, आतली कवटी पातळ करून, प्लास्टिकात गुंडाळलं गेलं की बुरशीला आत शिरायला देठाकडचे मऊ डोळे आणि बारीक चिरा पुरतात. आत साखर आहे, ओल आहे. बाहेर ३० अंश. म्हणून तासलेलं शहाळं ४-५ अंशांतच ठेवायचं. दुकानात ते शीतकपाटाबाहेर रचलेलं दिसलं तर घेऊ नये, मग वरची तारीख काहीही असो.

घरात पाळायचं एवढंच. फोडल्यावर पाणी आधी पेल्यात ओतायचं, नळीने थेट प्यायचं नाही. पाणी गढूळ, गुलाबीसर किंवा फेसाळ असेल, आंबूस वास असेल, तर टाकायचं. खोबऱ्याला बुळबुळ किंवा तपकिरी डाग असेल तर "तेवढं कापून" वापरायचं नाही. ३-एनपी पाण्यात विरघळतं, डागापाशी थांबत नाही.

---

पांढरा कोट

दवाखान्याच्या बाजूने भर घालतो.

एक, याला उतारा नाही. विकर कायमचं बांधलं गेल्यावर ते सोडवणारं औषध नाही. उपचार म्हणजे श्वास, रक्तदाब, झटके आणि रक्तातलं आम्ल सांभाळणं. म्हणून "उलटी झाली, विष बाहेर पडलं, आता झोप काढू" हे सगळ्यांत वाईट. बुरसटलेलं काही खाल्ल्या-प्यायल्यानंतर काही तासांत उलट्या आणि त्यासोबत पुढचं काहीही एक दिसलं की १०८ला फोन करावा : बोलण्यात गोंधळ, दोन-दोन दिसणं, डोळे एका बाजूला ओढले जाणं, हात किंवा मान पिळवटणं, झटका. नुसत्या पोट बिघडण्यात यातलं काही होत नाही.

दोन, उरलेलं शहाळं, ऊस, भात, जे असेल ते पिशवीत बांधून बर्फाच्या डब्यात सोबत न्यावं. रोग्याला नुसतं बघून हे निदान होत नाही. पदार्थातलं ३-एनपी मात्र प्रयोगशाळेत मोजता येतं. नंतर एमआरआयमध्ये दोन्ही बाजूंना सारखाच, मेंदूच्या तळच्या गाठींत बदल दिसला तर संशय पक्का होतो.

तीन, घरी मीठपाणी पाजून उलटी काढू नये. शुद्ध हरपत चाललेल्या माणसाच्या फुप्फुसात ती जाते.

---

खळं

उसाचं राहिलं म्हणून. रसवंतीवर कांडं चिरलेलं दिसतंच. गाभा पांढरा-पिवळसर हवा. लालसर-तपकिरी रेघा आणि दारूसारखा आंबूस वास असेल तर तो ऊस नको. त्यातला बराचसा प्रकार आपल्याकडे लाल कूज या रोगाचा असतो, ती बुरशी वेगळी आणि चिनी विषाशी तिचा संबंध नाही. पण नुसत्या डोळ्यांनी दोन्हींत फरक करता येत नाही, आणि लाल गाभ्याच्या रसाला चवही नसते. तेव्हा नाही म्हणायला कारण पुरतं.

---

गजाली

खोबऱ्याक हिरवी बुरशी इली तर फडक्यान पुसून घाण्यार दिलेला चालता काय? तेल काढल्यार वीख जाता असा म्हणतत.

---

खळं

अर्धवट जातं, आणि जातं ते भलतीकडे जातं. खोबऱ्यावर येणारं मुख्य विष अ‍ॅफ्लाटॉक्सिन. ते तेलात फारसं विरघळत नाही, म्हणून घाण्यात त्याचा मोठा वाटा पेंडीत उतरतो. पण घाण्याचं तेल नुसतं निवळून किंवा गाळून घेतलेलं असतं, त्यात पेंडीचे बारीक कण राहतात आणि कणांसोबत विष. कारखान्यातल्या क्षाराच्या प्रक्रियेत ते जवळपास निघून जातं, घाण्यावर ती प्रक्रिया नसते. आणि पेंड जाते गाईच्या घमेल्यात. गोठ्यावरून, तुम्ही सांगा पुढचं.

फडक्याने पुसण्याबद्दल : पुसला जातो तो बुरशीचा वरचा पिसारा. मुळं आत, विष त्याहून आत. कढईत तळूनही उपयोग नाही, अ‍ॅफ्लाटॉक्सिन मोडायला २३७ अंशांच्या वर तापमान लागतं.

आता मुळात बुरशी येऊ नये म्हणून काय. ओल्या खोबऱ्यात ओल सुमारे ५० टक्के. साठवायची वाटी ६ टक्क्यांवर आली पाहिजे. मधल्या प्रवासात पहिला दिवस सगळं ठरवतो. नारळ फोडल्यापासून ४ तासांच्या आत वाळवणी सुरू झाली पाहिजे आणि २४ तासांत ओल ३५ टक्क्यांखाली गेली पाहिजे. तसं झालं नाही तर आधी जिवाणूंची बुळबुळ येते आणि तिच्यावर बुरशी. सप्टेंबरात उघडीप बघून शंभर नारळ फोडायचे आणि दुपारी आभाळ भरून यायचं, बहुतेक माल असाच जातो. भट्टी तयार नसेल तर नारळ फोडू नयेत. न फोडलेला नारळ आणखी महिना थांबतो.

भट्टीत हवा ६०-७० अंश. ८०च्या वर गेली की वाटीला बाहेरून कडक कवच धरतं, आतली ओल कोंडते आणि महिन्याभराने वाटी आतून काळी निघते. करवंट्यांचा धूर थेट लावला तर वाटीला काजळीतली वेगळी विषं चिकटतात. धूर बाहेर नेणारी नळी आणि वर फक्त गरम हवा अशी रचना करावी. उन्हात वाळवत असाल तर संध्याकाळी गरम खोबऱ्यावर ताडपत्री ओढू नका. आतून घाम सुटतो आणि तोच पाझरून परत वाटीवर पडतो. निवू द्या, मग झाका, आणि ताडपत्री वाटीपासून वीतभर वर राहील अशी बांधा.

ओल मोजायला यंत्र नसेल तर वजनावर हिशेब करा. १० किलो ओलं खोबरं, ५० टक्के ओल धरली तर कोरडा भाग ५ किलो. ६ टक्के ओलीवर एकूण वजन ५ भागिले ०.९४, म्हणजे ५.३ किलो. एका जाळीत वजन करून ठेवलेल्या वाट्या वेगळ्या बांधून भट्टीत टाका आणि रोज तीच जाळी तोला. १० किलोचे ५.८ वर अडकले असतील तर ओल अजून १४ टक्क्यांच्या आसपास आहे आणि ही वाटी पोत्यात नक्की काळी पडणार. हाताचा अंदाजही चुकत नाही : तयार वाटी कट्ट आवाज करून मोडते, कच्ची वाकते.

---

गोठ्यावरून

पेंडीचं पुढचं. गाईने खाल्लेल्या अ‍ॅफ्लाटॉक्सिन बी१चा साधारण १ ते २ टक्के भाग, भरपूर दूध देणाऱ्या गाईत ६ टक्क्यांपर्यंत, दुधात एम१ या रूपात उतरतो. पेंड खाल्ल्यावर १२ ते २४ तासांत दुधात दिसतो, पेंड बंद केली की ३-४ दिवसांत ओसरतो. उकळून जात नाही. आपल्याकडे दुधात एम१ची मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम आहे. खोबऱ्याची असो वा शेंगदाण्याची, पावसाळ्यात पेंड आठ-दहा दिवस पुरेल एवढीच आणावी, पोतं फळीवर आणि भिंतीपासून हातभर लांब ठेवावं. लगद्यासारखी घट्ट बसलेली, गरम लागणारी पेंड गाईला नको.

कुत्र्यांचं एक सांगण्यासारखं. उकिरड्यावरचा बुरसटलेला पाव किंवा चीज खाऊन कुत्रा अर्ध्या तासापासून काही तासांत थडथड कापायला लागतो. पेनिट्रेम ए हे विष. त्याला झटके समजून घरची गोळी देत बसू नये.

आणि घोडे. अलिबाग-काशीदच्या वाळूवरचे आणि वर माथेरानचे. मक्याच्या चुऱ्यात फ्युमोनिसिन असतं, घोडा त्याला फार नाजूक. मेंदूतलं पांढरं द्रव्य अक्षरशः विरघळतं, घोडा भिंतीला डोकं लावून उभा राहतो, गोल फिरतो, आंधळ्यासारखा चालतो. एकदा हे दिसलं की वाचवणं जवळपास अशक्य. अमेरिकी एफडीएची, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनाची, शिफारस अशी की घोड्याच्या मक्यात फ्युमोनिसिन ५ पीपीएमच्या (दहा लाख भागांत ५ भाग) वर नको आणि तसा मका खुराकाच्या २० टक्क्यांहून जास्त नको. फुटलेल्या दाण्यांत आणि भुशात ते जास्त साठतं. म्हणून स्वस्तातला मक्याचा चुरा घोड्याला घालू नये. अख्खा मका चाळून घ्यावा, खाली पडलेलं फेकावं.

---

बांदावरून

गोठ्यावरून यांच्या घोड्याच्या आणि कुत्र्याच्या उदाहरणांत धाग्याच्या विषयाच्या दृष्टीने फरक आहे, तो नोंदवतो.

फ्युमोनिसिन खरोखर विकर अडवतं. सेरामाइड सिंथेज. चेतापेशींभोवतीच्या आवरणाला लागणारी स्निग्धद्रव्यं बनवण्याच्या वाटेवरचं हे विकर. फ्युमोनिसिनचा रेणू त्याच्या कच्च्या मालासारखा, स्फिंगॅनीनसारखा दिसतो. विकर अडलं की स्फिंगॅनीन साठत जातं आणि पुढचा माल तयार होत नाही, म्हणजे दोन्हीकडून तोटा. गंमत अशी की फ्युमोनिसिन पाण्यात विरघळणारं आहे, मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा बांध ते सहज ओलांडत नाही. त्यामुळे घोड्याच्या मेंदूत जे घडतं त्याचा काही वाटा हृदय आणि रक्तवाहिन्या बिघडल्याने मेंदूकडचा रक्तदाब आवरता न येण्याचा आहे. १९८८ साली दक्षिण आफ्रिकेत हे विष वेगळं काढलं गेलं.

पेनिट्रेमचं मात्र विकराशी देणंघेणं नाही. चेतापेशीवर पोटॅशियम बाहेर सोडणारी दारं असतात, ती ते बंद करतं. पेशीला विसावा मिळत नाही, म्हणून थरथर. निरोपांमध्ये दोन्ही एकाच पोत्यात भरतात.

---

संकासूर

आणि अ‍ॅफ्लाटॉक्सिन? ते मेंदूतलं कुठलं विकर बंद पाडतं? एवढं नाव ऐकतो त्याचं.

---

पांढरा कोट

माणसाच्या बाबतीत खात्रीने सांगता येणारी वाट यकृतातून जाते. अ‍ॅफ्लाटॉक्सिन बी१ स्वतः तेवढं जालीम नाही. यकृतातली सायटोक्रोम विकरं, मुख्यतः ३ए४ आणि १ए२, त्याला मोडायला जातात आणि मोडताना इपॉक्साइड नावाचं एक तीव्र रसायन तयार करतात. ते डीएनएला आणि प्रथिनांना चिकटतं. म्हणजे इथे विकर बंद पडत नाही, आपलंच विकर विष घडवतं.

एका वेळी खूप गेलं तर यकृत कोसळतं. १९७४ साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागांत पावसाने भिजलेल्या मक्याने हे घडलं, शंभरावर माणसं दगावली. केनियात २००४ साली पुन्हा तेच : ३१७ रोगी, १२५ मृत्यू. यकृत कोसळलं की रक्तात अमोनिया चढतो. मेंदूतल्या ताराकृती पेशींत ग्लुटामाइन सिंथेटेज हे विकर आहे, अमोनिया उचलून ग्लुटामेटला जोडायचा आणि ग्लुटामाइन करायचं ही त्याची नेहमीची चाकरी. अमोनिया अतोनात आला की ते इमानेइतबारे ग्लुटामाइन बनवतच राहतं, पेशीत पाणी ओढलं जातं, मेंदू सुजतो. माणूस आधी दिवस-रात्र विसरतो, मग हात पंख्यासारखे फडफडतात, मग बेशुद्धी. विकर चालू राहिल्याने झालेलं नुकसान, हे तुमच्या निरोपवाल्यांना कोणी सांगत नाही.

थोड्या-थोड्या मात्रेचा धोका वेगळा आणि जास्त खरा : वर्षानुवर्षं जात राहिलं तर यकृताचा कर्करोग. कावीळ बी असलेल्यांत तो कितीतरी पटींनी वाढतो.

---

माडाखाली

शेंगदाण्याबद्दल कोणीतरी लिहा. घरात कूट रोज लागतो.

---

खळं

विष सगळ्या दाण्यांत सारखं नसतं. हजार दाण्यांत चार-पाच जहरी आणि बाकी स्वच्छ असं असतं. म्हणूनच निवडणं हा सगळ्यांत मोठा उपाय, धुण्या-भाजण्याच्या कितीतरी पुढचा. सुरकुतलेले, काळपट, टोकाला अंकुराकडे पिवळा-हिरवा भुरा असलेले, किडीने पोखरलेले काढा. भाजून साल काढल्यावर परत एकदा ताटात पसरून बघा. भाजल्यावरही जे दाणे तपकिरी-काळे आणि आतून पोकळ दिसतात ते टाका. कडू दाणा तोंडात आला तर थुंकायचा, गिळायचा नाही. भाजून विष थोडं कमी होतं, संपत नाही.

पावसाळ्यात दाणे अर्धा-एक किलोच आणावेत, आणल्या दिवशी भाजून, पूर्ण निववून हवाबंद डब्यात भरावेत. कोमट असताना डबा लावला की झाकणाखाली पाणी धरतं. कूट आठवड्यापुरताच. बाजारातला तयार कूट घेऊ नये, त्यात निवडायला काही उरलेलं नसतं.

---

माडाखाली

जांभळा उजेड पाडणारा टॉर्च मिळतो, त्यात अ‍ॅफ्लाटॉक्सिन निळं चमकतं म्हणतात. घेऊ का?

---

बांदावरून

नको. शुद्ध अ‍ॅफ्लाटॉक्सिनचा 'बी' प्रकार निळा आणि 'जी' प्रकार हिरवट चमकतो हे खरं, पण ते प्रयोगशाळेत वेगळं काढून काचेवर पसरल्यावर. दाण्याचं साल, तेल, कापडाचे धागे, साबणाचा अंश, सगळंच त्या उजेडात निळं दिसतं. मक्यात जी पिवळी-हिरवी चमक शोधतात तीही अ‍ॅफ्लाटॉक्सिनची नसून त्याच बुरशीच्या कोजिक आम्लापासून झालेली असते. बुरशी होती एवढं कळतं, विष किती ते नाही. चमकलं नाही म्हणून दाणा चांगला असंही नाही. टॉर्चच्या पैशांत चांगला हवाबंद डबा येईल.

आता तांदूळ. हे मला या धाग्यातलं सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, कारण आपण भातखाऊ.

विहिरीवरचा रहाट उलटा कल्पा. पाणी वरून पडतंय आणि त्याने चाक फिरतंय. तंतुकणिकेतलं एटीपी सिंथेज हे विकर खरोखर असंच आहे. प्रोटॉन पडद्यातून खाली येतात, चाक गरगरतं आणि फिरण्याच्या जोरावर एटीपी, म्हणजे पेशीचं चलन, पाडलं जातं. सिट्रिओव्हिरिडिन नावाचं विष या रहाटाच्या दांड्यालगतच्या भागात पाचर मारतं. ते येतं पेनिसिलियम सिट्रिओनायग्रम या बुरशीतून, साठवणीतल्या ओलसर तांदळावर. जनावरांत आधी मागचे पाय लुळे पडतात, लुळेपणा वर चढत जातो, शेवटी श्वास थांबतो.

जपानात 'काक्के' म्हणजे बेरीबेरीने, हातपाय लुळे पाडणाऱ्या आणि हृदय बिघडवणाऱ्या रोगाने, हजारो जात. १८९१ साली साकाकी जुंजिरो यांनी बुरसटलेल्या तांदळाचा अर्क जनावरांना देऊन हाच लुळेपणा दाखवला. १९१०मध्ये तांदळाची सरकारी तपासणी सुरू झाली आणि हृदयावर घाला घालणारी तीव्र बेरीबेरी एकदम घटली. ब्राझीलच्या मारान्यांव राज्यात २००६नंतर बेरीबेरीची साथ आली, तिथल्या तांदळातही हे विष सापडलं. पण तिथले बरेच रोगी थायमिन, म्हणजे बी१ जीवनसत्त्व, दिल्यावर सुधारले. थायमिन हे पायरुव्हेट डीहायड्रोजनेजसारख्या विकरांचं हत्यार. कोंडा काढून पांढऱ्या केलेल्या तांदळात ते कमी, म्हणून रहाटाकडे येणारा पाटच आटलेला, त्यात वरून पाचर. दोन्ही कारणं एकमेकांत गुंतलेली आहेत.

पिवळा दिसणारा प्रत्येक तांदूळ विषारी नसतो हेही सांगतो. ओलं भात ढिगात तापलं की बुरशीशिवायही पिवळं पडतं. पण घरात फरक करता येत नाही. पिवळे दाणे वासाला कुबट असतील तर तो तांदूळ कोंबड्यांनाही नको.

---

गजाली

उकड्या तांदळाक धोको जास्त काय?

---

खळं

उकड्याची प्रक्रियाच ओलीची. भिजवलं, उकडलं, की ओल ३० टक्क्यांच्या घरात जाते. त्यानंतर तीन-चार दिवस मळभ राहिलं तर वास येतोच. म्हणून मे महिन्यात उकडून घ्यायची जुनी रीत आहे, ती हवामान बघूनच पडलेली. जीवनसत्त्वाच्या बाजूने उकडा चांगला, बी१ जीवनसत्त्व कोंड्यातून दाण्यात उतरलेलं असतं.

साठवणीचा मुद्दा लोकांच्या लक्षात येत नाही तो असा. भात १३ टक्क्यांवर वाळवून ठेवलं म्हणजे झालं असं नाही. दाणा हवेतून ओल परत घेतो. हवेची आर्द्रता ७० टक्के असेल तर भात १३-१४ टक्क्यांवर थांबतं. आपल्याकडे जुलै-ऑगस्टात ती ८५-९० असते, तेव्हा तेच भात १६-१८ पर्यंत चढतं. दिवाळीत कडकडीत वाळवलेलं पोतं गणपतीत कुबट का येतं, त्याचं उत्तर हे. कणगी, मुडी (भात साठवायच्या जुन्या रीती) शेणाने लिंपलेली असली तरी हवा घेतेच. त्या चुलीच्या माळ्यावर टांगत, धूर आणि उष्णता मिळे, म्हणून टिकत. चूल गेली, मुडी तशीच राहिली, आता तिला काय वाचवणार? पावसाच्या आधी जाड प्लास्टिकचं अस्तर असलेल्या हवाबंद पिशवीत भरा. तोंड पिळून, दुमडून, सुतळीने आवळा. आत दाणे श्वास घेऊन प्राणवायू संपवतात, किडाही मरतो. मात्र ओलसर भात भरलंत तर त्याच पिशवीत ते आंबतं.

वाळवणीचा हिशेब खोबऱ्यासारखाच. परतीच्या पावसात आडवं पडलेलं भात २० टक्क्यांवर आलं असेल, तर १०० किलोचे १३ टक्क्यांवर ९२ किलो झाले पाहिजेत.

---

संकासूर

आणि भिंत? मूळ प्रश्न भिंतीचाच होता.

---

जांभादगड

भिंतीचं माझ्याकडे. जांभ्याच्या भिंतीवर, चुन्याच्या गिलाव्यावर येतात त्या बहुतेक क्लॅडोस्पोरियम, अ‍ॅस्परजिलस, पेनिसिलियम. निरोपातली ती बदनाम 'काळी बुरशी' म्हणजे स्टॅकिबॉट्रिस. तिला सतत भिजणारा कागद किंवा लाकडाचा लगदा लागतो : जिप्समच्या छताचा कागद, पुठ्ठा, गळक्या नळामागचं प्लायवूड. अमेरिकेत क्लीव्हलंडमध्ये १९९३-९४ साली तान्ह्या बाळांच्या फुप्फुसातल्या रक्तस्रावाचा तिच्याशी संबंध जोडला गेला होता. २०००मध्ये सीडीसीने, म्हणजे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, स्वतःच फेरतपासणी करून तो सिद्ध होत नाही असं सांगितलं. निरोप मात्र त्याआधीच्या बातमीवर अजून जगतो आहे.

दमा, शिंका, खोकला हे भिंतीच्या बुरशीने होतं, त्यात वाद नाही. त्यासाठी करायचं ते : आधी पाणी कुठून येतं ते शोधा. कौल सरकलेलं, पागोळीचं पाणी जोत्यावर उडतंय, न्हाणीची भिंत पाझरतेय. ते बंद केल्याशिवाय रंग लावू नका. जांभ्यावर प्लास्टिकसारखा तेलरंग लावला की आतली ओल बाहेर पडत नाही, फुगे येतात आणि फुग्यामागे बुरशी. ताजा कळीचा चुना दोन हात, तो क्षारी असल्यामुळे बुरशी सहसा धरत नाही. खरवडताना भिंत आधी ओली करा, कोरडी खरवडली की बीजाणू घरभर. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र मिळतं, खोलीत ६० टक्क्यांखाली राहिली तर उत्तम, जुलैत ते कठीणच.

---

पांढरा कोट

त्या निरोपासोबत लघवीतली बुरशीविषं मोजून देणारी चाचणीही विकली जाते. त्यावर निदान करू नये असं सीडीसीने २०१५मध्येच लिहिलं आहे. अन्नातून थोडी विषं सगळ्यांच्याच लघवीत येतात, भिंतीचा त्याच्याशी संबंध लागत नाही. आणि कोलेस्टिरॅमिनची (कोलेस्टेरॉल कमी करायचं औषध) पूड 'विष शोषायला' कोणी सुचवली, तर थायरॉइडची गोळी आणि रक्त पातळ करणारं वॉरफरिन हेही ती शोषते हे विसरू नका, अ, ड, ई, के जीवनसत्त्वंही.

---

आंबामोहोर

कीटकनाशकासारखं कोलिनेस्टरेज (चेतांमधला संदेश थांबवणारं विकर) अडवणारं बुरशीविष असतं का? बागेत फवारणाऱ्यांच्या रक्तात ते विकर तपासतात म्हणून विचारलं.

---

बांदावरून

असतं. टेरिट्रेम. तैवानात तांदळावर वाढवलेल्या अ‍ॅस्परजिलस टेरियसमधून निघालं. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशक विकराला रासायनिक बंधाने जखडतं, टेरिट्रेम बंध न करताच खाचेत इतकं घट्ट बसतं की सुटत नाही. पण फवारणीनंतर कोणाचं कोलिनेस्टरेज खाली आलं, तर बुरशीकडे बोट दाखवू नका. बुरशीतून माणसाच्या शरीरात तेवढं जात नाही, फवाऱ्यातून जातं. हातमोजे आणि वाऱ्याची दिशा बघा.

अवांतर : याच अ‍ॅस्परजिलस टेरियसमधून लोव्हास्टॅटिन मिळालं. आणि त्याआधीचं पहिलं स्टॅटिन अकिरा एंदो यांना क्योतोतल्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावरच्या बुरशीत सापडलं. कोलेस्टेरॉल बनवणाऱ्या विकराला अडवणारं विषच ते, मोजून दिलं म्हणून औषध.

---

माडाखाली

खोबऱ्याच्या चोथ्यातलं विष इंडोनेशियात माणसं मारतं असं वाचलं होतं, ते यातलंच का?

---

बांदावरून

नाही, ते बुरशीचं नव्हे, जिवाणूचं. बोंगक्रेकिक आम्ल. खोबऱ्याचा चोथा आंबवून केलेल्या टेम्पेत बर्कहोल्डेरिया शिरला की तयार होतं. ते तंतुकणिकेतून एटीपी बाहेर नेणारा वाहक बंद करतं : रहाट चालू, पण माल दाराबाहेर जाईना. १९८८ साली तिथे त्या टेम्पेवर बंदी आली. सोलकढीचा रस काढल्यावर उरलेला चोथा मात्र रात्रभर ओट्यावर ठेवू नये, गाईला घालायचा तर ताजाच.

---

आंबामोहोर

भाताची ओल मोजायला यंत्र नाही. मिठाची बाटली म्हणतात ती रीत कशी?

---

खळं

काचेची कोरडी बाटली, तिसरा हिस्सा भात, वर दोन-तीन चमचे मीठ. झाकण लावून मिनिटभर हलवा, १५ मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओल १५ टक्क्यांच्या वर, साठवू नका. नाही चिकटलं तर खाली. १३ की १४ हे यात कळत नाही.

कोकणात ही रीत फसते ती मिठामुळे. पावसाळ्यात पुडीतलं मीठ आधीच दमट असतं, मग कोरडं भातही ओलं ठरतं. मीठ कढईत तडतडेपर्यंत भाजा, झाकणाच्या डब्यात निववा, मग वापरा. बाटलीही उन्हात किंवा चुलीजवळ तापवून कोरडी करा. आधी नुसतं भाजलेलं मीठ रिकाम्या बाटलीत हलवून बघा. तिथेच चिकटलं तर बाटली ओली आहे. खोबऱ्याला ही रीत लागत नाही, तेलामुळे मीठ तसंही चिकटतं.

---

गजाली

बरा. पेंडीचा आणि मिठाचा ध्यानात ऱ्हवात.